थडग्यांचा सातबारा: रोम ते कोलोन, दहा दिवस

पितृपंधरवड्यात आमच्या घरी कुणी नवी चादरसुद्धा घेत नाही. आम्ही दोघी बहिणी मात्र ऐन पितृपंधरवड्यात बॅगा भरून निघालो, आणि तेही थडगी बघायला. साताऱ्याच्या काकूंनी फोन करून "अगं, निदान घट तरी बसू देत" असं सुचवून पाहिलं. पण ताईच्या मुलाला कोलोनला सुट्टी तेव्हाच होती आणि तिकिटंही तेव्हाच परवडत होती.

ताई भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाली आहे. मोजणी, हद्दीच्या खुणा, वारसनोंदी यांत तिचं आयुष्य गेलं. मला रोमन थडग्यांचं वेड कॉलेजपासूनचं. "लेकाकडे जायचंच आहे तर रोमवरून जाऊ" म्हणत मी तिला गुंडाळलं. तिने एकच अट घातली, प्रत्येक ठिकाणी वहीत नोंद करायला वेळ द्यायचा. वही दोनशे पानी, आणि प्रत्येक थडग्याला एक पान: खातेदार, क्षेत्र, चतुःसीमा, वारस, इतर हक्क. मला आधी हसू आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बंद झालं.

मार्ग असा: रोम, मग दक्षिण फ्रान्समधलं आर्ल, मग जर्मनीतलं ट्रियर आणि शेवटी कोलोन. रोमन नकाशावर सांगायचं तर इटली, गॅलिया नार्बोनेन्सिस, गॅलिया बेल्जिका आणि जर्मानिया इन्फेरिओर. (रोमन लोक इटलीला प्रांतांत धरत नसत, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.) 'थडगं' हा शब्द मी जरा नाइलाजानेच वापरते आहे. समाधी म्हटलं की सत्पुरुष डोळ्यांपुढे येतो, कबर म्हटलं की धर्म. इथली मंडळी बहुतेक पाववाले, सुईणी, कापडवाले.

पहिला दिवस, शुक्रवार: पाववाला

टेर्मिनी स्टेशनजवळ उतरलो होतो, म्हणून पहिल्याच सकाळी पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीपाशी चालत गेलो. ट्रामचे रूळ, हॉर्न, दुभाजकावर वाळलेलं गवत, आणि त्या गोंगाटात मार्कुस वेर्गिलियस युरिसाकेसचं थडगं. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातलं. खाली उभे नळकांडी खांब एकमेकांना चिकटून, वर आडव्या ओळींत मोठमोठी गोल भोकं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा एखाद्या कारखान्याचा जुना भाग वाटावा. ही भोकं म्हणजे कणीक मळायच्या पिंपांची किंवा धान्याच्या मापांची तोंडं असावीत, असं अभ्यासक म्हणतात. कारण युरिसाकेस पाववाला होता, तोही मोठा, सरकारी कंत्राटवाला. वरच्या पट्टीत सगळं कामकाज कोरलेलं आहे: गाढवं जातं फिरवताहेत, पीठ चाळलं जातंय, गोळे वळले जाताहेत, भट्टीत फळी सरकते आहे, टोपल्या तराजूवर चढताहेत.

लेख असा, की हे स्मारक पाववाला आणि कंत्राटदार युरिसाकेस याचं. शेवटचा शब्द 'अप्पारेत'. काही जण त्याचा अर्थ 'दिसतंच आहे की' असा लावतात, काहींच्या मते तो त्याच्या सरकारी कामाचा उल्लेख आहे. मला पहिला अर्थ आवडतो. लेखात वडिलांचं नाव नाही आणि माणसाचं नाव ग्रीक, त्यामुळे तो गुलामीतून सुटलेला असावा, असं बहुतेकांचं मत. इथेच सापडलेल्या दुसऱ्या एका लेखात नवरा बायकोबद्दल म्हणतो, की ती फार चांगली बाई होती आणि तिच्या देहाचं जे उरलं ते या पावाच्या टोपलीत आहे.

ताई कुंपणाभोवती दोनदा फिरून आली. "प्लॉट तिरका आहे गं. दोन रस्त्यांच्या बेचक्यात घेतलाय. म्हणून भिंती काटकोनात नाहीत." अगदी बरोबर. दोन जुने रस्ते इथे फुटत. सगळ्यांच्या नजरेत भरणारी ही जागा त्याने मुद्दाम गाठली. नंतर इ.स. ५२ मध्ये सम्राट क्लॉडियसने शेजारी जलसेतूची कमान बांधली, पुढे वेशीचा बुरूज चक्क थडग्याला पोटात घेऊन उभा राहिला, आणि १८३८ मध्ये तो पाडला तेव्हा आतून हा पाववाला बाहेर आला.

दुपारी मेट्रोने पिरामिदे. गायुस केस्तियस या श्रीमंत अधिकाऱ्याचा पिरॅमिड, ३६ मीटरच्या वर उंच, पांढऱ्या संगमरवराचा. रोमने इजिप्त घेतलं इ.स.पू. ३० मध्ये, त्यानंतर इजिप्तची जी हौस आली तिचं हे फळ. लेखात लिहिलंय की मृत्युपत्राप्रमाणे काम ३३० दिवसांत पुरं केलं, आणि ते करून घेणाऱ्या वारसाचं नावही आहे. ताई खूश. "मुदत, मृत्युपत्र, वारस. दस्त पूर्ण आहे." हा पिरॅमिडही तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियनने बांधलेल्या शहराच्या तटात चिणला गेला, आणि तसाच टिकला.

बघायला जाणाऱ्यांसाठी: रस्त्यावरून अर्धाच दिसतो. मागच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत शिरा. इंग्रज कवी कीट्स तिथेच आहे, पिरॅमिड पूर्ण दिसतो आणि पायाशी मांजरं असतात.

दुसरा दिवस, शनिवार: इझोला साक्रा

या प्रवासातलं सर्वांत आवडतं ठिकाण कोणतं, असं कुणी विचारलं तर हेच. ओस्तिया अंतिकापर्यंत लोकल, तिथून आम्ही 'जवळच तर आहे' म्हणत चालायला लागलो. नदीवरच्या पुलावर पदपथ नावालाच. ट्रकच्या वाऱ्याने ताईची ओढणी उडाली, तेव्हा मुकाट्याने टॅक्सी बोलावली. तुम्ही सरळ टॅक्सीच करा आणि निघण्यापूर्वी उघडण्याचे दिवस तपासा. रोज उघडं नसतं.

रोमन नियम असा होता, की शहराच्या हद्दीत पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या बारा फलकांच्या कायद्यातलं हे कलम. म्हणून थडगी नेहमी वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला. ओस्तिया आणि पोर्तुस या दोन बंदरांना जोडणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इथे विटांची लहान लहान घरं लागतात. दार, दारावर संगमरवरी पाटी, दोन बाजूंना फटीसारख्या खिडक्या. चाळीतल्या खोल्याच. आत भिंतीत ओळीने कोनाडे, प्रत्येकात राखेचं भांडं. अशा कोनाड्यांच्या खोलीला लॅटिनमध्ये कोलुम्बारियुम म्हणतात, म्हणजे कबुतरखाना. काही दारांपुढे दोन उतरते दगडी ओटे आहेत, वर्षातून ठरलेल्या दिवशी नातलगांनी येऊन लवंडून जेवायचे. फेब्रुवारीच्या १३ ते २१ तारखांना पितरांचे दिवस असत, पारेन्तालिया. ज्यांना खोली परवडत नव्हती त्यांच्यासाठी जमिनीत मातीच्या सुरया पुरलेल्या, माना वर काढून. त्या मानेतून वाइन किंवा पाणी आत ओतायचं.

ताई काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण पान बाहेर ठेवतो, हे ओततात. पंधरवडा चुकला आपला, बाकी काही नाही."

मग ती पाट्यांकडे वळली आणि मला तिथून हलवणं अशक्य झालं. कारण या पाट्या म्हणजे उताराच आहे. दर्शनी बाजू इतके पाय, आत शेताकडे इतके पाय. रोमन पाय साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे १० बाय ३० पायांचा प्लॉट आपल्या पाव गुंठ्याच्या आसपास, हे तिने तोंडी काढलं. मग कुणासाठी बांधलं: स्वतः, नवरा, मुलं, "आणि मुक्त केलेले दास-दासी व त्यांचे वंशज". शेवटी काही अक्षरं एकेकटी: 'हे स्मारक वारसाकडे जाणार नाही' या वाक्याचं ते संक्षिप्त रूप. मालमत्ता वारसाला जाईल, पण थडगं विकता येणार नाही.

सुईण स्क्रिबोनिया आत्तिकेची पाटी तर ताईने दोनदा माझ्याकडून वाचून घेतली. तिने हे थडगं स्वतःसाठी, नवरा मार्कुस उल्पियस आमेरिम्नुससाठी, आई कालितिकेसाठी, दिओक्लेस नावाच्या एकासाठी आणि सगळ्या मुक्त दासांसाठी बांधलं, "पानारातुस आणि प्रोसदोकिया वगळून". एवढंच. कारण दिलेलं नाही. "काय केलं असेल गं त्या दोघांनी?" ताईने रात्री पिझ्झा खाताना विचारलं, विमानतळावर विचारलं, आणि परवा पुण्यातून फोन करूनही विचारलं.

दाराच्या बाजूंना भाजक्या मातीचे दोन फलक. एकात बाळंतपणाच्या खुर्चीवर बाई, तिला मागून धरणारी दुसरी, आणि समोर ठेंगण्या स्टुलावर सुईण, हात कामात पण मान वळवून आपल्याकडे बघते आहे. दुसऱ्यात नवरा कुणाच्या तरी पायावर शस्त्रक्रिया करतोय, शेजारी हत्यारांची पेटी उघडी. इथे आहेत त्या प्रतिकृती, मूळ फलक ओस्तियाच्या संग्रहालयात आहेत.

तिसरा दिवस, रविवार: आप्पिया

रविवारी व्हिया आप्पिया अंतिकावर गाड्या कमी असतात, सायकली मिळतात. आम्ही चाललो. इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झालेला हा रस्ता, २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. काळ्या बसाल्टच्या फरश्यांवर गुडघ्यांचं भरीत होतं, जाड तळव्याचे बूट घाला.

तिसऱ्या मैलापाशी काइकिलिया मेतेल्लाचं प्रचंड गोल थडगं. चौकोनी पायावर सुमारे ३० मीटर व्यासाचा दगडी डबा, वरून बैलांच्या कवट्या आणि फुलांच्या माळांची पट्टी. १४ व्या शतकाच्या सुरुवातीला काएतानी घराण्याने त्याचा किल्ला केला, म्हणून वर तटाचे दाते आहेत. एवढ्या मोठ्या इमारतीवरचा लेख तीन ओळींचा: काइकिलिया मेतेल्ला, क्विंतुस क्रेतिकुसची मुलगी, क्रासुसची. झालं. ती कशी होती, काय करायची, एक अक्षर नाही.

ताईने पान उघडलं, खातेदाराच्या रकान्यापाशी थांबली. "हिला घर मोठं मिळालं, पण नाव बापाचं आणि नवऱ्याचं. कालची सुईण बरी." मला वाटतं, यात रोमच्या थडग्यांची अर्धी गोष्ट आली. ज्यांच्या नावाला मागे घराणं होतं त्यांना काही सांगायची गरज नव्हती. युरिसाकेससारख्यांना बापाच्या नावाची जागा कामाने भरायची होती.

दुपारी झाडाखाली अंजिरं आणि पेकोरिनो चीज खाल्लं. आमच्यापुढे एक आजोबा नातवाला फरश्यांमधल्या चाकोऱ्या दाखवत होते. नातवाने त्यात खेळण्यातली गाडी सोडून पाहिली. ती बरोबर चालली.

चौथा आणि पाचवा दिवस: आर्ल

सोमवार प्रवासात गेला. मार्सेयपर्यंत विमान, पुढे गाडी.

मंगळवारी सकाळी कळलं की आर्लचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. चूक माझी, वेळापत्रक मीच केलं होतं. मग दिवसभर अलिस्काँ. नाव 'एलिसियन फील्ड्स'चंच (ग्रीक पुराणातला पुण्यवंतांचा परलोक) इथल्या प्रोव्हान्साली भाषेतलं रूप, म्हणजे पॅरिसच्या शाँझेलिझेचं हे सख्खं भावंड. रोमन रस्त्याच्या कडेची दफनभूमी पुढे ख्रिस्ती झाली आणि इतकी पवित्र मानली गेली, की वरच्या गावांतून शवपेट्या दफनाच्या दक्षिणेसह ऱ्होन नदीत सोडून देत आणि आर्लला त्या अडवून पुरत, अशी दंतकथा आहे. आज उंच झाडांची एक वाट उरली आहे आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या दगडी पेट्या, झाकणं गेलेल्या, साध्या. व्हॅन गॉग आणि गोगँ दोघांनी १८८८ च्या शरदात ही वाट रंगवली.

चांगल्या कोरलेल्या पेट्या इथे नाहीत. पूर्वीच्या नगरशासकांनी त्या बड्या पाहुण्यांना भेट म्हणून वाटल्या, आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेने जागेचा लचका तोडला. "सरकारी गायरान," ताई म्हणाली आणि वही मिटली.

राखेच्या भांड्याची जागा या पेटीने घेतली ती दुसऱ्या शतकापासून. जाळण्याऐवजी पुरण्याची चाल हळूहळू पसरली, आणि कलाकुसर थडग्याच्या दर्शनी भिंतीवरून पेटीवर उतरली. अशा दगडी पेटीला सार्कोफागुस म्हणतात, शब्दाचा अर्थ 'मांसभक्षक'. मूळ हे एका दगडाचं वर्णन, जो देह खाऊन टाकतो अशी समजूत होती. ताईला हा शब्द जेवणाच्या टेबलावर सांगायला नको होता.

जेवण मात्र फार छान. आर्लच्या शेजारी कामार्ग, तिथे भात पिकतो. चार दिवसांनी ताटात भात बघून ताईचा चेहरा उजळला. लोक इथे बैलाच्या रश्शाबरोबर तो खातात. आम्ही वांगं-टोमॅटोच्या भाजीबरोबर खाल्ला. वाढणाऱ्या बाईंनी ताईला हाताने कालवताना पाहिलं आणि न मागता आणखी एक वाटी आणून ठेवली.

सहावा दिवस, बुधवार: सां रेमी

बुधवारी सां रेमीचा आठवडी बाजार असतो, म्हणून हाच दिवस धरला. ऑलिव्हची चटणी, बकरीच्या दुधाचं चीज, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. आणि मिस्त्राल. हा उत्तरेचा वारा म्हणजे काय, ते वाचून कळत नाही. ऊन लख्ख आणि वारा असा, की बोलताना शब्द तोंडातून पळवून नेतो. कानटोपी न्या.

गावाबाहेर ग्लानुम या प्राचीन नगराच्या वेशीपाशी रस्त्यालगतच यूलियी घराण्याचं स्मारक उभं आहे, सुमारे १८ मीटर, जवळजवळ अभंग. इ.स.पू. ३० ते २० च्या सुमाराचं. मी याची छायाचित्रं वीस वर्षं बघत होते, तरी समोर आल्यावर थांबलेच. खाली चौथरा, त्यावर चारी बाजूंनी उघडी कमान, त्यावर गोल खांबांची छत्री आणि छत्रीत टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचं वस्त्र, घातलेले दोन पुरुष. आपल्याकडच्या छत्र्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, पण इथे छत्री तिसऱ्या मजल्यावर आहे. चौथऱ्याच्या चारी बाजूंना लढाया आणि शिकार: घोडेस्वार, अ‍ॅमेझॉन वीरांगना, ग्रीक कथेतलं रानडुक्कर. लेख: गायुसची मुलं सेक्स्तुस, लुकियुस आणि मार्कुस यूलियुस, आपल्या आईवडिलांसाठी. आत कुणी पुरलेलं नाही, हे नुसतं स्मारक.

'यूलियुस' हे नाव सीझरच्या घराण्याचं. नागरिकत्व देणाऱ्याचं नाव घ्यायची पद्धत होती, तेव्हा या स्थानिक कुटुंबाला ते सीझरकडून मिळालं असावं, असा तर्क आहे. मग इथे काम कुठे आहे? शेती, तेल, लोकर, काहीच नाही. नवा रोमन ग्रीक पुराण सांगतो. पाववाला आणि हे तिघे भाऊ जवळजवळ समकालीन, दोघेही आपापल्या परीने नवे, आणि दोघांनी अगदी उलट गोष्टी दगडावर घातल्या. ताईचं म्हणणं, "एकाला धंदा वाढवायचा होता, दुसऱ्यांना धंदा विसरायला लावायचा होता." मी यावर अजून विचार करते आहे.

पलीकडेच सां पोल द मोसोल हा मठ आहे. व्हॅन गॉग १८८९ मध्ये इथल्याच इस्पितळात येऊन वर्षभर राहिला. 'मोसोल' हे नाव या स्मारकावरून, म्हणजे 'मॉसोलियम' (भव्य थडगं) या शब्दावरूनच आलं.

संध्याकाळी आर्लला परतून संग्रहालयात तासभर मिळाला. निळी त्रिकोणी इमारत, आत दगडी पेट्यांचं दालन. एका पेटीवर ऑलिव्हची काढणी चालली आहे. शिड्या लावल्या आहेत, टोपल्या भरताहेत. पण झाडावर चढलेली सगळी पंखवाली गुबगुबीत बाळं आहेत. काम आलं एकदाचं, पण माणसांच्या हातून नाही.

सातवा दिवस: गाडीत

आव्हिन्यों ते लक्झेंबर्ग, पुढे ट्रियर. एक जोडगाडी चुकली, तीन तास बाकावर बसून काढले आणि ताईने चतुःसीमा शाईने पक्क्या केल्या. लक्झेंबर्ग देशात दुसऱ्या वर्गाचा प्रवास फुकट आहे, जर्मनीच्या हद्दीपासून पुढचं तिकीट मात्र काढावं लागतं. पाऊस सुरू झाला.

आठवा आणि नववा दिवस: इगेल आणि ट्रियर

ट्रियरहून इगेल गाडीने काही मिनिटांवर. मोझेल नदीकाठचं लहान गाव, मागे द्राक्षांचा डोंगर, आणि मुख्य रस्त्यावर घरांच्या रांगेत २३ मीटरचा वालुकाश्माचा स्तंभ. तिकीट नाही, पहारेकरी नाही. समोरच्या खिडकीतल्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, पाऊस पडत असताना. आम्ही वर माना करून उभ्या आहोत हे बघून त्यांनी हाताने 'मागे जा, मागे' अशी खूण केली. खरंच, मागची बाजू बघायची राहूनच गेली असती.

हा स्तंभ सेकुंदिनी या कापडव्यापारी कुटुंबाने सुमारे इ.स. २५० मध्ये गेलेल्या नातलगांसाठी आणि स्वतःसाठी उभारला. खालून वर वाचत जायचा. पायाशी माणसं दोर खांद्यावर घेऊन गठ्ठ्यांनी लादलेली नाव काठाकाठाने ओढताहेत. मग गठ्ठे बांधणं, खेचरांची गाडी, ताग्याची पारख, कुळांची रांग, स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल. मध्ये कुटुंबातली माणसं हातात हात देऊन उभी. मागे, उत्तरेला, बारा राशींच्या वर्तुळातून हर्क्युलिस रथातून वर चालला आहे. अगदी टोकाला गरुड गानिमीड या ग्रीक कथेतल्या कुमाराला स्वर्गात नेतोय. आपल्या वीरगळावर तळाला लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग, तीच खालून वर चढणारी वाट. फक्त इथे लढाईच्या जागी कापड आहे.

हा स्तंभ टिकला तो गैरसमजामुळे. मध्ययुगात लोकांना वाटलं, हे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईवडिलांच्या लग्नाचं चित्र आहे. ख्रिस्ती सम्राटाचे आईबाप म्हणजे हात कोण लावणार? "चुकीच्या नोंदीवर वाचलेली मिळकत," ताई म्हणाली. "अशा कितीतरी पाहिल्यात मी."

ज्यांना तसा गैरसमज लाभला नाही, ते मोझेलकाठच्या नोयमागेन गावी किल्ल्याच्या पायात गेले. चौथ्या शतकात तट घाईने उभारताना ट्रियर भागातली थडगी फोडून दगड वापरले. १८७७ पासून ते पुन्हा बाहेर निघाले आणि आता ट्रियरच्या संग्रहालयात आहेत. एक पूर्ण दिवस द्या, सोमवार टाळा. अंगणात इगेल स्तंभाची रंगवलेली प्रतिकृती आहे. रंग बघून आधी दचकायला होतं, मग दगडी स्तंभच अर्धवट वाटू लागतो.

इथलं पिंपं लादलेलं वाइनचं दगडी जहाज सगळ्यांना माहीत असतं. मला आवडली ती शाळा: दाढीवाला मास्तर, दोन मुलं पोथी उलगडून, आणि तिसरा उशिरा आलेला, हात वर करून काही तरी कारण सांगतो आहे. पलीकडे वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, दासी तिचे केस विंचरताहेत, एक आरसा धरून उभी.

ताई मात्र एका दगडासमोरून हलेना. टोपीच्या घोंगड्यांसारखे झगे घातलेले दाढीवाले शेतकरी, टेबलावर नाण्यांचा ढीग, पलीकडे वही घेतलेला माणूस. खंड भरायला आलेली कुळं. ती त्या वहीवाल्याकडे बघत नव्हती, सर्वांत मागच्या शेतकऱ्याकडे बघत होती. "याच्याकडे पुरते पैसे नाहीत," ती म्हणाली. "मागे उभं राहणारा नेहमी तोच असतो." मला त्या चेहऱ्यात तसं काही दिसलं नाही. पण टेबलाच्या त्या बाजूला मी कधी बसलेली नाही.

रात्री फ्लीटन, म्हणजे भाजलेले कोंबडीचे पंख, मी खाल्ले. ताईने बटाट्याचे थालीपीठवजा वडे आणि सफरचंदाचा मुरंबा. सोबत फेडरवायसर, अर्धवट आंबलेला द्राक्षरस, फक्त याच दिवसांत मिळतो. बाटलीचं झाकण सैलच असतं, पिशवीत आडवी ठेवू नका. आमची पिशवी अजून वास मारते.

दहावा दिवस, रविवार: वायडन

कोलोनला भाच्याच्या घरी पिठलं-भात झाला. तिथलं पोब्लिकियस या निवृत्त सैनिकाचं सुमारे १५ मीटर उंच थडगं ही खरी पर्वणी. १९६० च्या दशकात दोन भावांनी घराच्या तळघराखाली चोरून खणत त्याचे दगड काढले होते. पण ते ज्या संग्रहालयात आहे त्याची इमारत आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती. भाचा म्हणाला, "मावशी, मग वायडनला जाऊ, ट्राम जाते."

वायडन हे पश्चिमेचं उपनगर. जुन्या रोमन रस्त्यावर, आजच्या आखेनर रस्त्याच्या कडेला, एक साधं घर, आणि आत खाली उतरणारा जिना. १८४३ मध्ये एका गाडीवानाला घराचा पाया खणताना हे सापडलं. इथे रस्त्यावरून जाणाऱ्याला दाखवायचं जे काही असेल ते गेलं, उरली आहे ती जमिनीखालची खोली. मंद दिवा, भिंतींत कोनाडे, तिन्ही बाजूंना जेवायला लवंडायचे दगडी दिवाण, मध्ये चार ऋतू कोरलेली संगमरवरी पेटी. आणि दाराच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. वेताच्या. म्हणजे चुनखडीच्या, पण प्रत्येक वीण कोरून काढलेली. ट्रियरला केस विंचरून घेणारी बाई बसली होती तशाच.

बसायला मनाई आहे. ताईने आधी विचारून पाहिलं.

दिवाण पुरुषांचे, खुर्च्या बायकांच्या, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. जेवायला बसायची ती रीत. भाचा हळू आवाजात ताईसाठी मराठीत करत होता. बाहेर आल्यावर ट्रामला नऊ मिनिटं होती. ताई थांब्यावरच वही गुडघ्यावर घेऊन बसली. मी डोकावून बघितलं.

खातेदार: लेख नाही. क्षेत्र: एक खोली. चतुःसीमा: दक्षिणेस रस्ता, बाकी माती. वारस: नोंद नाही. इतर हक्क: खुर्च्या दोन.